ए३२०च्या मर्यादा आणि सावंतवाडीतला पावसाळा

कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात आलं तोवर माझे बहुतेक तास सेस्ना १७२वर झाले होते. पूर्ण भरलं तरी त्या विमानाचं वजन साडेअकराशे किलोच्या आसपास. त्यानंतर टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या परवान्यासाठी, समोर आलं ते थेट एअरबस ए३२० निओ. आम्हाला शिकवलेल्या प्रकारात टेकऑफचं कमाल वजन ७९ टन. ग्राउंड स्कूलमध्ये टॅबलेटवर सगळी पुस्तकं चढवून मिळाली. हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल, फ्लाइट कंट्रोल्स ही प्रकरणं संपता संपत नाहीत. त्या मानाने ‘लिमिटेशन्स’चं प्रकरण लहान. नुसती कोष्टकं आणि आकडे.

आमचे इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले कॅप्टन. त्यांनी त्या प्रकरणाबद्दल सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली आणि माझा पुढचा सगळा अभ्यास तिच्यावर उभा राहिला. ते म्हणाले, “काही मर्यादा विमान स्वतः तुम्हाला दाखवतं. स्क्रीनवर लाल-काळी पट्टी येते, घंटा वाजते, आकडा लाल होतो. काही मर्यादांबद्दल विमान एक अक्षर बोलत नाही. त्या तुमच्या डोक्यात नसतील तर त्या कुठेच नाहीत.”

मर्यादा म्हणजे नेमकं काय हेही तेव्हाच नीट समजलं. निर्मात्याने चाचण्या घेतल्या, नियामकाने त्या तपासल्या आणि अमुक चौकटीत हे विमान सुरक्षित आहे असं प्रमाणपत्र दिलं. ए३२०ला ते पहिल्यांदा १९८८ साली मिळालं. चौकटीबाहेर गेलं की विमान तिथल्या तिथे मोडेल असं नाही. पण तिथे काय होईल याची हमी कोणीही दिलेली नाही, आणि मागे दीडशेहून जास्त माणसं बसलेली असताना हमी नसलेल्या जागेत जाण्याचा अधिकार पायलटला नाही. मला ही व्याख्या फार आवडते. नियम म्हणून पाळायचं आणि कारण कळून पाळायचं यात फरक आहे, आणि तो फरक मला घरी गेल्यावर कळला.

ग्राउंड स्कूलची परीक्षा झाली आणि सिम्युलेटरचा स्लॉट मिळेपर्यंत मध्ये मोकळे दिवस निघाले. बंगळुरूत भाडं भरत बसण्यापेक्षा मी सावंतवाडीजवळ आमच्या गावी आले. जुलै चालू होता. दिवस दिवस पाऊस उघडत नव्हता, लाइट कधीही जायची, आणि टॅबलेटची बॅटरी वाचवायची म्हणून मी सगळे आकडे वहीत उतरवून काढले. पडवीत बसून मोठ्याने म्हणायचे. फ्लॅप म्हणजे कमी वेगात जास्त उचल मिळावी म्हणून पंखातून बाहेर काढायच्या पट्ट्या, आणि त्यांच्या प्रत्येक टप्प्याला नॉटमध्ये, म्हणजे ताशी समुद्री मैलांत, कमाल वेग. फ्लॅप एक २३०, एक अधिक एफ २१५, दोन २००, तीन १८५, फुल १७७. चाकं बाहेर काढताना २५० नॉट, आत घेताना २२०, बाहेर असताना २८०. वेगाची वरची हद्द ३५० नॉट किंवा माक ०.८२, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८२ पट. आई शेंगा सोलता सोलता ऐकायची आणि वही हातात घेऊन उलटसुलट विचारायची. तिला विमानातलं काही कळत नाही, पण उत्तर देताना मी क्षणभर थांबले की तिच्या लगेच ध्यानात यायचं.

बाबा निवृत्त एसटी ड्रायव्हर. सगळी नोकरी सावंतवाडी डेपोत, त्यातली बरीचशी आंबोली घाटाने कोल्हापूरच्या फेऱ्यांवर. ते दोन-तीन संध्याकाळी गप्प राहून ऐकत होते. मग म्हणाले, “गो, आकडो पाठ झालो. पण तो आकडो कित्याक, ता सांग.”

तिथून माझ्या अभ्यासाची पद्धतच बदलली. वहीत प्रत्येक आकड्यासमोर एक कोरा रकाना आखला आणि त्यात कारण लिहायचं ठरवलं. जिथे कारण सापडेना तिथे पुस्तकं उघडली, बॅचमेटना फोन केले, इन्स्ट्रक्टरना मेसेज टाकले.

चाकांपासून सुरुवात केली, कारण बाबांना तेच आधी विचारायचं होतं. चाकं बाहेर असताना २८० नॉट चालतात, मग काढताना २५० आणि आत घेताना २२०च का? चाकं हलत असतात तेव्हा त्यांच्या कप्प्याचे मोठे दरवाजे उघडे असतात आणि वाऱ्याचा मार त्यांच्यावर पडतो. चाकं खाली येऊन लॉक झाली की ते दरवाजे पुन्हा मिटतात, म्हणून वेग जास्त चालतो. आत घेताना तर पुढचं चाक पुढच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर फिरतं. हायड्रॉलिक्सला ते वाऱ्याविरुद्ध ढकलावं लागतं. शिवाय २६० नॉटच्या वर एक सेफ्टी व्हॉल्व्ह लँडिंग गिअरचा हायड्रॉलिक पुरवठाच बंद करतो. हे एकदा जोडून घेतल्यावर तीन आकडे तीन राहिले नाहीत. एकच यंत्रणा डोळ्यांसमोर आली आणि आकडे तिच्यावर आपोआप बसले.

वजनाच्या मर्यादा मला सगळ्यात समृद्ध वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. टेकऑफला ७९ टन चालतात आणि लँडिंगला मात्र ६७.४ टनच. बाबांचा प्रश्न सरळ होता: विमान तेच, चाकं तीच, रस्ता तोच, मग उतरताना साडेअकरा टन कमी का? उत्तर प्रमाणपत्राच्या नियमात आहे. लँडिंगच्या कमाल वजनाला विमानाचा सांगाडा सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फूट वेगाने खाली आदळला तरी टिकला पाहिजे. टेकऑफच्या कमाल वजनाला हीच अट सेकंदाला ६ फूट, म्हणजे मिनिटाला ३६० फूट इतकी सौम्य आहे. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. उड्डाणानंतर लगेच काही गंभीर झालं तर जड विमान घेऊन उतरता येतं, पण टेकताना खाली येण्याचा वेग ३६०च्या आत ठेवायचा आणि नंतर इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची. ए३२०मध्ये हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही. मोठ्या लांब पल्ल्याच्या विमानांत असते, यात नाही. म्हणून हा आकडा पाठ असणं ही चैन नव्हे.

तिसरं वजन झिरो फ्युएल वेट, आमच्या प्रकारात ६४.३ टन. इंधन सोडून बाकी सगळं, म्हणजे विमान, माणसं, सामान, यांची ही हद्द. ग्राउंड स्कूलमध्ये अर्ध्या वर्गाचा प्रश्न होता की एकूण वजन हद्दीत असेल तर इंधन किती आणि प्रवासी किती याने काय बिघडतं? बिघडतं ते पंखाच्या मुळाशी. उचल मिळते पंखात, वजन बसतं मधल्या धडात. त्या ओढाताणीत पंख वर वाकू बघतात. इंधन पंखाच्या टाक्यांत असतं तोवर त्याचं वजन पंखांना खाली दाबून ठेवतं आणि मुळावरचा ताण कमी होतो. इंधन जसजसं जळतं तसतसा तो आधार जातो. म्हणून धडात किती भरायचं याला स्वतंत्र हद्द. ही मर्यादा मोडली तर कॉकपिटमध्ये कसलीही घंटा वाजत नाही. लोडशीट, म्हणजे वजनांच्या हिशेबाचा कागद, हातात आली की आपणच बघायचं.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे लोड फॅक्टर, विमानावर त्याच्या वजनाच्या किती पट भार येतो ते. तो जीमध्ये मोजतात. फ्लॅप आत असताना विमान उणे १ ते अधिक २.५ जीपर्यंत, फ्लॅप बाहेर काढल्यावर शून्य ते २ जीपर्यंत. नियमाप्रमाणे सांगाड्याला या हद्दीच्या दीडपट भार सोसता आला पाहिजे. ए३२०मध्ये नॉर्मल लॉ, म्हणजे संगणकांची सगळी संरक्षणं, चालू असताना साइडस्टिक (पायलटच्या हातातली दांडी) कितीही ओढली तरी संगणक ही हद्द ओलांडू देत नाहीत. त्यामुळे हा आकडा अनेक जण परीक्षेपुरता ठेवतात. माझं मत वेगळं आहे. बिघाडामुळे विमान डायरेक्ट लॉमध्ये, म्हणजे दांडीचा हुकूम संरक्षणाशिवाय थेट लागू होतो अशा अवस्थेत, गेलं की ते संरक्षण जातं, आणि ज्या दिवशी संरक्षण जातं त्याच दिवशी बाकीचंही बरंच काही बिघडलेलं असतं. त्या दिवशी आकडा शोधायला वेळ मिळणार नाही.

वेगाच्या दोन हद्दी का, हेही बाबांना समजावताना मला स्वतःला स्वच्छ झालं. खाली हवा दाट, तिथे हवेचा दाब सांगाड्याला पेलवला पाहिजे म्हणून ३५० नॉट. वर हवा विरळ आणि थंड. तिथे नॉटचा आकडा कमी दिसला तरी विमान आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलेलं असतं, पंखावर शॉक वेव्ह तयार होतात, थरथर सुरू होते. म्हणून ०.८२. साधारण २५ हजार फुटांच्या आसपास पहिली हद्द मागे पडते आणि दुसरी लागू होते. वादळी हवेत शिरताना तर आणखी खाली यायचं: २० हजार फुटांखाली २५० नॉट, वर २७५ किंवा माक ०.७६.

पण बाबा खरे रंगले ते ब्रेकवर. टेकऑफआधी ब्रेक पंखे बंद असताना ब्रेकचं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आत पाहिजे. मी कारण सांगायच्या आत ते बोलायला लागले. आंबोली उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलेल्या गाडीचं काय होतं ते त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. “ज्या गियरात चढूचा, त्याच गियरात उतरूचा,” हा त्यांचा जुना नियम. लायनर जळल्याचा वास आला की गाडी बाजूला. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते पुस्तकातल्या वाक्याला जाऊन भिडलं: “चालत्या गाडीचे ब्रेक वाऱ्यान थंड होतत. गाडी उभी केल्यावर जास्त तापतत.”

विमानातही तसंच. जोरात ब्रेक लावून थांबल्यावर आतल्या कार्बनच्या चकत्यांमधली उष्णता बाहेर पसरायला वेळ लागतो आणि स्क्रीनवरचं तापमान काही मिनिटं चढतच राहतं. पार्किंगला आल्या आल्या आकडा २४० दिसला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. अर्ध्या तासात परत उडायचं असेल तर पुन्हा पुन्हा बघायचं. ३०० अंशांमागचं कारण असं की उडाल्यावर चाकं पोटात घेतली जातात. तिथे कुठे हायड्रॉलिक द्रव गळत असेल आणि तो तापलेल्या ब्रेकवर पडला तर पेट घेऊ शकतो. बंद कप्प्यात, इंधनाच्या शेजारी. हे कारण वहीत लिहिल्यापासून ३०० हा आकडा मला कधी आठवावा लागला नाही.

वाऱ्याबद्दल बोलायला आमच्याकडे निमित्त शोधावं लागत नाही. जुलैत पश्चिमेचा, नैऋत्येचा वारा दिवसरात्र चालू. घरापासून फार लांब नाही अशा अंतरावर चिपीचा विमानतळ, ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झालेला. सड्यावरची अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी. दुसऱ्या बाजूला गोव्यात मोपा, जिथे जानेवारी २०२३पासून विमानं उतरू लागली. तीही पठारावर, पण साडेतीन हजार मीटर. मी बाबांना घेऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. नियोजनाच्या नियमाप्रमाणे जेट विमानाचं लँडिंगचं अंतर कोरड्या धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे. म्हणजे अडीच हजार मीटरमध्ये दीड हजार. धावपट्टी ओली असेल तर लागणाऱ्या लांबीत आणखी १५ टक्के धरायचे, म्हणजे हातात उरले जेमतेम तेराशे मीटर. बाबांनी तो आकडा दोनदा वाचला.

आता यात पाठीमागचा वारा घाला. आमच्या विमानाला लँडिंगला मर्यादा १० नॉट. ऐकायला किरकोळ. पण विमान हवेत १३५ नॉटने येत असेल तर १० नॉट मागून म्हणजे जमिनीवर १४५, आणि तोच वारा समोरून असेल तर १२५. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शांत हवेच्या तुलनेत १५ टक्के जास्त, आणि समोरच्या वाऱ्याच्या तुलनेत तब्बल एक तृतीयांशाहून जास्त. शिवाय मागून वारा असला की विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, लवकर टेकत नाही.

७ ऑगस्ट २०२०ची संध्याकाळ या किनाऱ्यावरच्या कुठल्याही पायलटने विसरू नये. कोळिकोडला, पावसात, पाठीमागच्या वाऱ्यात, पठारावरच्या धावपट्टीवर बोईंग ७३७ उतरलं. चाकं टेकली तेव्हा ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट मागे पडले होते. विमान टोकावरून खाली गेलं. दोन्ही पायलट धरून २१ जण गेले. चौकशी अहवाल सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहे. तो मी त्या पावसाळ्यात पूर्ण वाचला. एका मर्यादेजवळ असताना दुसऱ्या गोष्टी किती पटकन साथ सोडतात हे त्यात पानापानावर दिसतं. टाइप रेटिंग करणाऱ्या प्रत्येकाने मर्यादांच्या प्रकरणासोबत तो वाचावा असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

आडव्या वाऱ्याचा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि तो बऱ्याच जणांना नीट माहीत नसतो. लँडिंगला ३८ नॉट, वाऱ्याच्या झोतांसह. हा चाचणीत दाखवून झालेला आकडा आहे. चाचणीच्या दिवसांत तेवढा वारा मिळाला, विमान सुखरूप उतरलं, तो नोंदवला. त्याच्या वर विमान कोसळतं असं त्याचा अर्थ होत नाही, आणि तेवढ्या वाऱ्यात कोणीही उतरवू शकेल असाही होत नाही. म्हणून विमान कंपन्या स्वतःच्या खालच्या हद्दी घालतात, ओल्या धावपट्टीला आणखी कमी, नवख्या फर्स्ट ऑफिसरला त्याहून कमी. ऑटोपायलटने स्वतः उतरायचं असेल तर आडवा वारा २० नॉटपर्यंतच. वहीत मी हे सगळे आकडे एकाखाली एक लिहिले आणि कुठला कोणी घातलाय ते शेजारी लिहिलं. निर्मात्याने, नियामकाने की कंपनीने. आडव्या वाऱ्याच्या बाबतीत हा रकाना आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

बारीकसारीक मर्यादाही पावसाळ्यात जिवंत वाटतात. वायपर २३० नॉटपर्यंतच. प्रवाशांचा दरवाजा ६५ नॉट वाऱ्यापर्यंत चालवता येतो, पण सामानाचा ४०पर्यंत. विमानाचं नाक वाऱ्याकडे असेल तर ५०. अंगणातली माडाची झाडं वाकलेली बघताना सामानाच्या दरवाजाखाली उभ्या असलेल्या लोडरचा विचार यायचा. तो दरवाजा वर उघडतो, त्याला वारा धरतो. कॉकपिटमधून आपल्याला तो माणूस दिसतही नाही.

सिम्युलेटरला परत गेले तेव्हा इन्स्ट्रक्टरांनी अपेक्षेप्रमाणे ब्रीफिंगच्या टेबलावर सुरुवात केली. आकडा विचारायचे आणि लगेच म्हणायचे, “का?” माझा जोडीदार नागपूरचा, आकड्यांना पक्का. दोन-तीन प्रश्नांनंतर त्याने माझी वही मागून घेतली आणि रात्री हॉस्टेलवर आम्ही दोघांनी मिळून त्यात भर घातली. टोगा थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा पूर्ण जोर, ५ मिनिटं, एक इंजिन बंद पडलं असेल तरच १०. फ्लॅप २० हजार फुटांच्या वर नाहीत. टेकऑफनंतर ऑटोपायलट १०० फुटांच्या आधी नाही. टायरचा वेग १९५ नॉट, आणि हा जमिनीवरचा वेग, हवेतला नव्हे. पाठून वारा असेल तर तो लवकर गाठला जातो.

फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बसल्यावर यातले बरेच आकडे कधी आठवण्याची वेळच येत नाही, कारण सगळं सुरळीत असतं. मग एका रात्रीच्या सेशनला इन्स्ट्रक्टरांनी आम्हाला ७७ टनांच्या पुढे वजन देऊन टेकऑफ करायला लावलं आणि सहा हजार फुटांवर केबिन क्रूचा फोन आला: मागच्या गॅलीत धूर, कुठून येतोय कळत नाही. मी उडवत होते. जोडीदार चेकलिस्टवर. त्याने चेकलिस्ट उघडता उघडताच म्हटलं, “लँडिंग वेटच्या दहा टन वर आहोत.” मी म्हटलं, “हो, आणि परत जातोय.” हे संभाषण एवढंच. दहा टन इंधन जाळायला चार तास लागले असते. धुरात चार तास नसतात. मी वेग कमी करायला घेतला, तो प्रत्येक फ्लॅपच्या आधी वेग मोठ्याने म्हणत होता. इन्स्ट्रक्टरांनी वर झोतांचा वारा घातलेला, वेगाची पट्टी पंधरा नॉटने वरखाली नाचत होती.

वर्गात आम्ही एक प्रश्न विचारला होता: फ्लॅपच्या वेगांची पाटी समोर पॅनेलवर लावलेलीच आहे, स्क्रीनवर लाल-काळी पट्टीही येते, मग पाठ कशाला? उत्तर त्या अप्रोचवर मिळालं. पट्टी सांगते आत्ता कुठे आहोत. पण जड विमानाचा अप्रोचचा वेगच मुळात वाढलेला असतो आणि वरच्या हद्दीपर्यंतचं अंतर आक्रसलेलं. फुलसाठी १७७, झोत पंधराचा, म्हणजे १६०च्या खाली आल्याशिवाय लीव्हरला हात लावायचा नाही. हा हिशेब फ्लॅप मागायच्या आधी डोक्यात झालेला असावा लागतो. पाटी वाचून तो होत नाही. हद्द ओलांडून चार नॉट पुढे गेलं की ओव्हरस्पीडची घंटा वाजते, आणि घंटा वाजली की तपासणी होईपर्यंत विमान उभं राहतं.

शेवटच्या पाचशे फुटांत माझ्या डोक्यात एकच आकडा होता, ३६०. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित वर घेणं, थोडं आधी सुरू केलं, थ्रस्ट हळू बंद केला, चाकं टेकली. थांबल्यावर जोडीदाराने पहिली नजर ब्रेकच्या तापमानावर टाकली. इन्स्ट्रक्टरांच्या स्क्रीनवर टेकण्याचा वेग हद्दीच्या बऱ्यापैकी आत दिसत होता. ते लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळले: आता टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, काय लिहिणार? ओव्हरवेट लँडिंग, टेकतानाचं वजन, खाली येण्याचा वेग, ब्रेकचं तापमान. पायलटने हे प्रामाणिकपणे लिहिलं तरच इंजिनिअर योग्य तपासणी करू शकतो. मर्यादा ओलांडल्याची नोंद लपवणं हे मर्यादा ओलांडण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण पुढच्या वेळी तेच विमान दुसरंच कोणी उडवणार असतं. यावर त्यांनी अर्धा तास घेतला आणि तो अर्धा तास मला सगळ्या कोर्समधला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक इंजिन बंद पडल्यावरच्या सरावात १० मिनिटांची मर्यादा अशीच अंगवळणी पडली. इंजिन गेलं की टोगावर हात जातो आणि मग कामं इतकी येतात की वेळ कुठे गेला कळत नाही. आम्ही ठरवलं की घड्याळ सुरू करणं हे उडवत नसलेल्या पायलटचं काम. फ्लॅप आत, वेग ग्रीन डॉटला (फ्लॅप आत असताना हवेचा विरोध सगळ्यात कमी लागतो तो वेग), लीव्हर एमसीटीच्या (सतत चालवता येणाऱ्या कमाल जोराच्या) खाचेत, आणि मग घड्याळ बंद. जोडीदाराचा तो आवाज, “टोगा, सात मिनिटं,” अजून कानात आहे.

स्किल टेस्ट फार सांगण्यासारखी नाही. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत आकडे कमी विचारले. एक लोडशीट पुढे ठेवली आणि म्हणाले, हे विमान न्यायचं की नाही? एकूण वजन बरोबर होतं, बॅलन्स बरोबर होता. झिरो फ्युएल वेट ६४.६ टन. तीनशे किलो जास्त. नाही न्यायचं, सामान उतरवायचं किंवा माणसं. त्यांनी मान हलवली आणि आम्ही सिम्युलेटरकडे चालू लागलो.

आता प्रत्यक्ष विमानावर लाइन ट्रेनिंग चालू आहे, आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये तपासणी होत राहील. वही अजून वापरात आहे, पण तिच्यात नवीन काम वाढलंय. ए३२०च्या लायसन्सवर ए३२१ही उडवता येतं आणि आमच्या ताफ्यात दोन्ही आहेत. ए३२१ निओ टेकऑफला ९७ टनांपर्यंत जातं आणि त्याचं लँडिंगचं कमाल वजन ७९.२ टनांपर्यंत. म्हणजे एका विमानावर ७९ ही टेकऑफची हद्द, दुसऱ्यावर जवळपास तोच आकडा लँडिंगची. फ्लॅपचे वेगही वेगळे. एकाच दिवशी सकाळी एक आणि दुपारी दुसरं मिळालं तर कॉकपिट तंतोतंत सारखं दिसतं. म्हणून मी ए३२१साठी वेगळ्या रंगाची पानं केली आहेत आणि ब्रीफिंगला जाण्याआधी त्या दिवशीच्या विमानाचं तेवढंच पान काढून खिशात ठेवते. रकाने तेच आहेत: आकडा, कारण, कोणी घातला. ए३२१च्या काही आकड्यांसमोरचा कारणाचा रकाना अजून कोरा आहे. ते भरण्यासाठी इन्स्ट्रक्टरांना पुन्हा मेसेज गेले आहेत.